ग्रुप बदलायचा की गाव?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी आलेली बरीच पत्रं मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर या क्लाउडमधल्या ॲप सर्व्हिसवर (वेबसाइट चालवून देणाऱ्या सेवेवर) चालणाऱ्या साइट हलवण्याबद्दलची आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या गोंधळाचं मूळ एकच: दोन वेगळी कामं एक समजली गेली आहेत. रिसोर्स ग्रुप (ॲप, डेटाबेस वगैरे वस्तूंची एकत्र नोंद ठेवणारा गट) बदलणं हा सातबाऱ्यावरचा फेरफार आहे. जमीन जागच्या जागी राहते, फक्त नोंद बदलते. रीजन (सर्व्हर प्रत्यक्ष जिथे आहेत तो प्रदेश) बदलणं म्हणजे मात्र दुसऱ्या गावात नवं घर बांधून तिथे राहायला जाणं. पहिल्याला बटण आहे. दुसऱ्याला नाही.

प्रश्न (कोथरूड): आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. सुरुवातीला सगळ्या क्लायंटची वेब ॲप्स एकाच रिसोर्स ग्रुपमध्ये टाकली. आता प्रत्येक क्लायंटचा वेगळा ग्रुप करायचा आहे आणि एका क्लायंटला तर त्याच्या वेगळ्या सबस्क्रिप्शनमध्येच (बिलाच्या खात्यात) न्यायचं आहे. ग्रुप बदलले, ते झालं. सबस्क्रिप्शनच्या वेळी मात्र एरर येतो. साइट बंद पडेल म्हणून काम रात्री करायला घेतो, तरी होत नाही.

उत्तर: साइट बंद पडण्याची भीती आधी काढून टाका. मूव्ह चालू असताना ॲप चालूच राहतं, येणाऱ्या ट्रॅफिकचा आयपीही बदलत नाही. त्या वेळात जुना आणि नवा असे दोन्ही ग्रुप लिहिण्यासाठी आणि डिलीट करण्यासाठी लॉक होतात. म्हणजे सेटिंग बदलणं, स्केल करणं, नवा रिसोर्स बनवणं बंद. हे लॉक जास्तीत जास्त चार तासांपर्यंत राहू शकतं, म्हणून रात्रीपेक्षा 'आज रिलीज नाही' असा दिवस निवडा.

आता तुमचा एरर. एकाच सबस्क्रिप्शनमध्ये ग्रुप बदलताना नियम सैल असतात. सबस्क्रिप्शन ओलांडताना मात्र ॲप सर्व्हिसला चार अटी लागतात. मूळ ग्रुपमधल्या ॲप सर्व्हिसच्या सगळ्या वस्तू, म्हणजे वेब ॲप्स, प्लॅन (ज्यावर ॲप्स चालतात ती भाड्याची सर्व्हर-क्षमता) आणि अपलोड केलेली सर्टिफिकेट, एकदमच गेल्या पाहिजेत. नव्या ग्रुपमध्ये ॲप सर्व्हिसची एकही वस्तू आधीपासून नसावी. दोन्ही सबस्क्रिप्शन एकाच टेनंटमध्ये (संस्थेच्या लॉगिन डिरेक्टरीत) हवीत. आणि ज्या अटीवर तुमचं घोडं अडलं आहे ती चौथी: वस्तू ज्या ग्रुपमध्ये मुळात जन्मली, तिथूनच ती सबस्क्रिप्शन ओलांडू शकते. तुम्ही आधी क्लायंटनिहाय ग्रुप केले, त्यामुळे ते ॲप आता आपल्या जन्मग्रुपमध्ये नाही. परत तिथे न्यावं तर 'सगळ्या वस्तू एकदम' ही अट आडवी येते, कारण बाकीच्या क्लायंटची ॲप्सही मुळात तिथेच जन्मली आहेत. मूळ ग्रुप कोणता हे आठवत नसेल तर ॲपच्या 'डायग्नोज अँड सॉल्व्ह प्रॉब्लेम्स' विभागात 'मायग्रेशन ऑप्शन्स' पाहा, तिथे कळतं.

आमचं मत स्पष्ट आहे: त्या एका क्लायंटसाठी मूव्हच्या मागे लागू नका. नव्या सबस्क्रिप्शनमध्ये नवा प्लॅन, नवं ॲप करा, कोड तिथे डिप्लॉय करा आणि डीएनएस (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी नोंद) वळवा. मूव्हची कसरत करण्यात दिवस जाईल, हे अर्ध्या दिवसात होतं. शिवाय क्लायंटचा टेनंट वेगळा असेल तर दुसरा मार्ग नाहीच.

पुढे कधी अख्खा ग्रुप सबस्क्रिप्शन ओलांडून न्यायची वेळ आली तर आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. ॲपवर प्रायव्हेट एंडपॉइंट किंवा व्हीनेट इंटिग्रेशन (ॲप खासगी नेटवर्कशी जोडण्याच्या सोयी) असेल तर ते आधी काढावं लागतं आणि मूव्हनंतर पुन्हा जोडावं लागतं. खरा खंड पडतो तो इथे, कारण तेवढा वेळ ॲपला आतल्या नेटवर्कमधला डेटाबेस दिसत नाही. ॲप सर्व्हिसचं मोफत मॅनेज्ड सर्टिफिकेट हलत नाही, डिलीट करून नव्या जागी पुन्हा बनवावं लागतं. आणि ग्रुपवर रीड-ओन्ली लॉक लावलेलं असेल तर मूव्ह सुरूच होत नाही. परवानगीच्या बाबतीत, जुन्या ग्रुपवर 'मूव्ह रिसोर्सेस' आणि नव्या ग्रुपवर लिहिण्याचा हक्क लागतो. नव्या सबस्क्रिप्शनमध्ये 'मायक्रोसॉफ्ट डॉट वेब' हा रिसोर्स प्रोव्हायडर (ॲप सर्व्हिस पुरवणारा ॲझ्युरचा भाग) रजिस्टर केलेला हवा.

तुमचे जे ग्रुप बदलून झाले आहेत तिथेही एक फेरी मारा. ग्रुप बदलला की रिसोर्स आयडी बदलतो, कारण ग्रुपचं नाव त्यातच असतं. थेट ॲपवर दिलेले रोल (ग्रुपवर किंवा सबस्क्रिप्शनवर दिलेले नव्हेत) मूव्हबरोबर जात नाहीत, ते पुन्हा द्यावे लागतात. जुन्या आयडीकडे बघणारे अलर्ट गप्प बसतात, आणि गप्प अलर्ट कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक अलर्ट उघडून त्याचा स्कोप बघा. डिप्लॉयमेंट पाइपलाइनमध्ये ग्रुपचं नाव लिहिलेलं असतं, तेही बदला.

प्रश्न (हडपसर): आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्स बिलांचं वेब ॲप चालवतो. सुरुवात करणाऱ्याने ॲप आणि एसक्यूएल डेटाबेस दोन्ही 'ईस्ट यूएस'मध्ये केले. सगळे सभासद पुणे-पिंपरीतले. भारतात आणायचं आहे. आधी फक्त ॲप हलवावं आणि डेटाबेस पुढच्या महिन्यात, असा विचार आहे. भारतात कोणता रीजन घ्यावा?

उत्तर: रीजनचं उत्तर सोपं आहे. 'सेंट्रल इंडिया' हा ॲझ्युरचा रीजन पुण्यातच आहे, 'साउथ इंडिया' चेन्नईत आणि 'वेस्ट इंडिया' मुंबईत. तिन्ही २०१५ मध्ये सुरू झाले. यांतल्या सेंट्रल इंडियात अव्हेलेबिलिटी झोन (एकमेकांपासून वेगळी ठेवलेली डेटा सेंटर) आहेत आणि त्याची जोडी साउथ इंडियाशी आहे, म्हणजे बॅकअपची दुसरी प्रतही देशातच राहते. तुम्ही सेंट्रल इंडिया घ्या.

पण आधी ॲप आणि नंतर डेटाबेस, हे करू नका. पुणे आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांच्यात एका फेरीला साधारण दोनशे मिलिसेकंद लागतात. आज सभासदाच्या ब्राउझरपासून ॲपपर्यंतच्या मोजक्या फेऱ्या लांबच्या आहेत आणि ॲप-डेटाबेस शेजारी आहेत. ॲप एकटं पुण्यात आणलं की बिलाच्या पानामागच्या तीस क्वेरी एकामागून एक समुद्र ओलांडतील: तीस गुणिले दोनशे, म्हणजे सहा सेकंद. साइट जवळ आणून हळू झाली, असं विचित्र दृश्य दिसेल. दोन्ही एकाच रात्री हलवा.

डेटाबेसपासून सुरुवात करा, कारण वेळ त्यालाच लागतो. सेंट्रल इंडियात नवा लॉजिकल एसक्यूएल सर्व्हर बनवा आणि दोन सर्व्हरमध्ये फेलओव्हर ग्रुप (एकाचं काम दुसऱ्याकडे सोपवता यावं म्हणून केलेली जोडी) करा. डेटाची पहिली प्रत तयार व्हायला डेटाबेसच्या आकाराप्रमाणे वेळ जातो, त्यानंतर बदल आपोआप येत राहतात. फेलओव्हर ग्रुपला स्वतःचं एक लिसनर नाव मिळतं, ते नेहमी त्या वेळच्या मुख्य सर्व्हरकडे नेतं. जुन्या ॲपच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सर्व्हरच्या नावाऐवजी ते लिसनर नाव आजच टाका आणि आठवडाभर तसंच चालू द्या. हे एवढं केलंत की पुढची सगळी रात्र सोपी जाते. कसं ते खाली येईलच. सर्व्हर पातळीवरचे फायरवॉल नियम नव्या सर्व्हरवर आपोआप येत नाहीत. सर्व्हरचे लॉगिनही येत नाहीत, आणि ते नव्याने बनवताना जुन्याच एसआयडीने (लॉगिनच्या अंतर्गत ओळखक्रमांकाने) बनवावे लागतात, नाहीतर फेलओव्हरनंतर डेटाबेसमधला युजर अनाथ होतो आणि 'लॉगिन फेल्ड' सुरू होतं.

आता ॲप. विंडोज ॲप असेल आणि प्लॅन स्टँडर्ड किंवा वरचा असेल तर 'क्लोन ॲप' वापरता येतं. लिनक्स ॲपला ती सोय नाही. क्लोन वापरलं तरी ऑटोस्केल, बॅकअपचं वेळापत्रक, व्हीनेट, लॉगिनसाठीची 'ईझी ऑथ' सेटिंग आणि मॅनेज्ड आयडेंटिटी (ॲपची ॲझ्युरमधली स्वतःची ओळख) त्यात येत नाहीत. म्हणून आमची पसंती सरळ मार्गाला: सेंट्रल इंडियात नवा प्लॅन, नवं ॲप, आणि कोड नेहमीच्या पाइपलाइनमधून. ॲप सेटिंग्ज कमांड लाइनने जेसन फाइलमध्ये उतरवून तीच फाइल नव्या ॲपवर चढवा, स्लॉटला (ॲपच्या चाचणी वगैरेसाठीच्या वेगळ्या प्रतीला) चिकटलेल्या सेटिंगही त्यात येतात. त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडे असतात, काम झालं की ती डिलीट करा. पोर्टलमधल्या 'एक्स्पोर्ट टेम्प्लेट'वर यासाठी विसंबू नका.

नव्या ॲपचं नाव जुन्यापेक्षा वेगळं ठेवा, कारण जुनं अजून जिवंत आहे. मग पुढच्या गोष्टी तपासा. की व्हॉल्टमधून (पासवर्डसारखी गुपितं ठेवायच्या ॲझ्युरच्या तिजोरीतून) सीक्रेट घेत असाल तर नव्या ॲपची आयडेंटिटी नवी असते, तिला व्हॉल्टवर नव्याने हक्क द्या. नाहीतर सेटिंग दिसते पण तिच्या आतली किंमत मिळत नाही, आणि ॲप सुरू होतानाच पडतं. सभासदांनी अपलोड केलेल्या पावत्या, फोटो ॲपच्या फोल्डरमध्येच ठेवत असाल तर त्या कोडमध्ये नाहीत, वेगळ्या कॉपी कराव्या लागतील. (या निमित्ताने त्या ब्लॉब स्टोरेजमध्ये, म्हणजे फाइल साठवायच्या वेगळ्या सेवेत टाका. ॲपच्या फोल्डरमध्ये कागदपत्रं ठेवणं ही सवय मोडायला याहून चांगला मुहूर्त नाही.) सर्व्हरची वेळ मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. जुन्या ॲपवर टाइम झोनची सेटिंग केली असेल तर विंडोजवर तिची किंमत 'इंडिया स्टँडर्ड टाइम' अशी असते, लिनक्सवर 'एशिया/कोलकाता'. ऑपरेटिंग सिस्टिमही बदलत असाल तर ही सेटिंग जशीच्या तशी उचलू नका.

तुमच्या बाबतीत सगळ्यात धोक्याची जागा वेबजॉब, म्हणजे ॲपबरोबर पडद्यामागे आपोआप चालणारं काम. बिलांचे ईमेल ठरलेल्या वेळी वेबजॉब पाठवत असणार. दोन ॲप्स एकाच डेटाबेसवर चालू असतील तर तो दोन्हीकडे चालेल आणि प्रत्येक सभासदाला दोन बिलं जातील. नव्या ॲपवर 'वेबजॉब्स स्टॉप्ड' ही सेटिंग (कॅपिटल अक्षरांत, मधे अंडरस्कोर) १ करून ठेवा. फेलओव्हरच्या क्षणी ती जुन्या ॲपवर १ करा आणि नव्यावरून काढा. हे आधी करा, बाकी सगळं नंतर. तारीखही महिन्याच्या मधली घ्या, १२ ते १८ च्या दरम्यान. एक तारखेच्या आसपास नको.

डोमेन आणि सर्टिफिकेट आदल्या दिवशीच तयार ठेवता येतात. डोमेन अजून जुन्या ॲपकडे वळलेलं असतानाही, मालकी सिद्ध करणारं टीएक्सटी रेकॉर्ड टाकून ते नव्या ॲपवर जोडता येतं. ते रेकॉर्ड पोर्टलच तयार करून दाखवतं, फक्त डीएनएसमध्ये चिकटवायचं. सर्टिफिकेटची अडचण अशी की जुन्या ॲपचं मोफत मॅनेज्ड सर्टिफिकेट एक्स्पोर्ट होत नाही, आणि डोमेन नव्या ॲपकडे वळलेलं नसताना तिथे नवं मिळेलच या भरवशावर राहता येत नाही. म्हणून मधल्या काळासाठी पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त की एकत्र असलेली) असलेलं सर्टिफिकेट अपलोड करा. नंतर सावकाश मॅनेज्डवर जा. डीएनएसचा टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) ३६०० असेल तर एक दिवस आधी ३०० करा. तपासणीसाठी स्वतःच्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसमोर नव्या ॲपचा आयपी लिहा, म्हणजे जगाला न कळता खऱ्या नावाने साइट उघडून बघता येते. लॉगिन, बिलाची पीडीएफ, फाइल अपलोड, एवढं तरी बघाच.

ठरलेल्या रात्रीचा क्रम: वेबजॉबची अदलाबदल, मग डेटाबेसचा नियोजित फेलओव्हर (यात डेटा जात नाही, काही कनेक्शन तुटून पुन्हा जोडली जातात), आणि लगेच डीएनएस. यानंतरही तास-दोन तास काही सभासद जुन्या ॲपवर येत राहतील, कारण सगळे इंटरनेट पुरवठादार टीटीएल पाळतातच असं नाही. लिसनर नाव इथे कामाला येतं. जुनं ॲपही आता त्याच नावाने पुण्यातल्या डेटाबेसमध्ये लिहितं. हळू लिहील, पण योग्य जागी लिहील. सर्व्हरचं थेट नाव ठेवलं असतं तर जुन्या ॲपला आता फक्त वाचता येणारी प्रत मिळाली असती आणि बिल भरणाऱ्याला एरर आला असता. यासाठी नव्या एसक्यूएल सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये जुन्या ॲपचे बाहेर जाणारे आयपीही तात्पुरते टाकायला विसरू नका.

प्रश्न (पिंपरी): ॲप आणि प्लॅन दोन्ही नव्या रिसोर्स ग्रुपमध्ये हलवले. नंतर त्याच ग्रुपमध्ये, त्याच रीजनमध्ये मोठा प्रीमियम व्ही३ प्लॅन केला. पण 'चेंज ॲप सर्व्हिस प्लॅन'मध्ये तो दिसतच नाही.

उत्तर: तो दिसणार नाही. प्लॅन बनवताना ग्रुप, रीजन आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या जोडणीवरून ॲझ्युर त्याला एका वेबस्पेसमध्ये (रीजनमधल्या सर्व्हरच्या एका अंतर्गत गटात) बसवतं, आणि प्लॅन नंतर कुठल्याही ग्रुपमध्ये नेला तरी त्याची वेबस्पेस बदलत नाही. ॲपला फक्त आपल्याच वेबस्पेसमधल्या प्लॅनवर उडी मारता येते. तुमचं ॲप कागदावर नव्या ग्रुपमध्ये आहे, पण वेबस्पेस जुन्या ग्रुपची. नवा प्लॅन नव्या वेबस्पेसमध्ये.

मुळात वेगळा प्लॅन कशाला हवा? आहे तोच प्लॅन 'स्केल अप' करून प्रीमियम व्ही३ वर जातो का, ते आधी बघा. वेगळा प्लॅन हवाच असेल तर तो जुन्या ग्रुपमध्ये बनवा, ॲप त्यावर न्या, मग हवं तर तो प्लॅन नव्या ग्रुपमध्ये हलवा. 'स्केल अप'च्या यादीत व्ही३ राखाडी दिसत असेल तर जुनी वेबस्पेस ज्या हार्डवेअरवर आहे तिथे व्ही३ नाही. मग अगदी कोऱ्या ग्रुपमध्ये थेट व्ही३ प्लॅन करून ॲप नव्याने डिप्लॉय करणं हाच उपाय.

प्रश्न (सिंहगड रोड): आमच्या रिसोर्स ग्रुपचं लोकेशन 'ईस्ट यूएस' दिसतं, आतलं ॲप सेंट्रल इंडियात आहे. साइट त्यामुळे हळू होते का?

उत्तर: नाही. ग्रुपचं लोकेशन म्हणजे त्याच्या नोंदी कुठे साठवल्या आहेत ते. साइट बघणाऱ्यांचं ट्रॅफिक तिकडे जात नाही. ग्रुपच्या रीजनमध्ये बिघाड झाला तर तेवढा वेळ आतल्या रिसोर्सच्या सेटिंग बदलण्यात अडचण येऊ शकते, इतकाच फरक. ग्रुपचं लोकेशन किंवा नाव नंतर बदलता येत नाही. फारच खटकत असेल तर नवा ग्रुप करून वस्तू तिकडे हलवा.

प्रश्न (सदाशिव पेठ): दिवाळी फराळाच्या ऑर्डर घेणारी साइट सिंगापूरहून सेंट्रल इंडियात आणली. साइट छान उघडते, पण पैसे भरताना गेटवे आमची विनंती नाकारतो.

उत्तर: गेटवेकडे तुमच्या सर्व्हरच्या आयपींची यादी नोंदलेली असणार, आणि नव्या ॲपचे बाहेर जाणारे आयपी वेगळे आहेत. ॲपच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये दोन याद्या दिसतात: सध्या वापरात असलेले आणि 'पॉसिबल' म्हणजे संभाव्य. गेटवेला दुसरी, संपूर्ण यादी द्या. फक्त पहिली दिलीत तर प्लॅन बेसिक-स्टँडर्डवरून प्रीमियम व्ही२ किंवा व्ही३ वर नेल्या दिवशी हेच पुन्हा होईल, आणि तुमच्या धंद्यात प्लॅन मोठा करायची वेळ ऐन वसुबारसेला येणार. गेटवे इतके आयपी घेत नसेल तर व्हीनेट इंटिग्रेशन करून नॅट गेटवे लावा, म्हणजे बाहेर एकच स्थिर आयपी दिसतो. त्याचं महिन्याचं भाडं वेगळं पडतं. गेटवेची यादी अपडेट व्हायला त्यांच्याकडून दिवस लागू शकतात, तोवर डीएनएस जुन्या ॲपकडे परत वळवून ठेवा. जुनं ॲप अजून ठेवलं असेल, अशी आशा आहे.

हेही तपासा: मूळ डोमेन (पुढे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नसलेलं) ए रेकॉर्डने (नावाला थेट आयपी जोडणाऱ्या डीएनएस नोंदीने) जोडलेलं असेल तर तिथे नव्या ॲपचा आत येणारा आयपी टाकला आहे ना? सीनेम (एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) बदलला आणि ए रेकॉर्ड राहिलं, तर अर्धी गिऱ्हाइकं अजून सिंगापुरातच ऑर्डर देत असतील.

प्रश्न (वाकड): ॲप हलवून महिना झाला. जुनं 'स्टॉप' केलं आहे, तरी बिल येतं.

उत्तर: ॲप थांबवलं तरी प्लॅनचं मीटर चालू राहतं. ॲप डिलीट करून प्लॅन रिकामा ठेवला तरीही बिल येतं. प्लॅन डिलीट केल्यावरच ते थांबेल. मात्र डिलीट करण्याआधी डीएनएसमधली जुन्या ॲपच्या नावाकडे बोट दाखवणारी सगळी सीनेम रेकॉर्ड काढा, टेस्ट आणि डेमो सबडोमेनचीही. ॲप गेलं आणि रेकॉर्ड राहिलं तर ते मोकळं झालेलं नाव दुसरा कोणी घेऊन तुमच्या सबडोमेनवर स्वतःचं पान दाखवू शकतो. जुन्या ग्रुपला हात लावण्याआधी त्यात स्टोरेज अकाउंट किंवा ॲप्लिकेशन इनसाइट्स (ॲपवर देखरेख ठेवणारी सेवा) उरलं आहे का ते बघा. 'डिलीट रिसोर्स ग्रुप' आतलं सगळं घेऊन जातं.